काठीवरची लाईन

जुन्नरहून हिरडेवाडीला जाणारी एसटी शेवटच्या वळणावर थांबली, म्हणून मी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. रस्त्यावर एक काळी केबल आडवी लोंबत होती आणि एक तरुण बेचक्याच्या लांब काठीनं ती उचलून धरत होता. एसटी हळूहळू खालून निघाली. माझी खिडकी त्याच्यासमोर आली आणि केबलवरचं सगळं पावसाचं पाणी नेमकं माझ्या तोंडावर... तो हसला. दोन्ही हात वर, त्यामुळे हसू लपवायची सोयच नव्हती. मला भलताच राग आला. गाव येईपर्यंत मात्र तो काही टिकला नाही.

ती केबल बघायलाच मी आले होते. गावोगावी इंटरनेट पोचवायची सरकारी योजना, आणि ती खरंच पोचली का हे तपासायचं काम आमच्या पुण्याच्या संस्थेकडे. पंचायतीच्या खोलीत यंत्र लावायचं, वेग मोजायचा, पास की नापास ते कळवायचं. पास गावाची फाईल बंद. नापास गावाला नवे खांब, नवी लाईन मिळण्याची शक्यता.

खोलीची किल्ली त्या काठीवाल्याकडेच निघाली. नाव गोरख.

“मॅडम पुण्याच्या?”

“निरगुडसरची.”

“मग जवळचंच पावणं की. उगाच घाबरलो.”

“घाबरलेला माणूस असा हसतो?”

“हात रिकामे नव्हते... न्हाईतर नमस्कारच केला असता.”

मुक्काम त्याच्याच घरी होता. त्याची आई, चिमाबाई, चुलीपुढे बसून सांगत राहिली. वादळात खांब पडला, ठेकेदार पुन्हा फिरकला नाही. मोबाईलची रेंज या खोऱ्यात येतच नाही. गेल्या वर्षी गोरखच्या वडिलांच्या, सावळेरामांच्या, छातीत कळ आली. गावच्या नर्सताई जुन्नरच्या डॉक्टरांना व्हिडिओ कॉलवर त्यांची अवस्था दाखवू बघत होत्या, पण लाईन बंद. डॉक्टर दिसलेच नाहीत आणि माणूस गेला. तेव्हापासून गोरखनं ही काठी धरली. काठीचा टेकू लावला की लाईन चालू, काढला की बंद. गाडी आली की शेतातून पळत जाऊन केबल आणखी वर उचलायची. चिमाबाई हे सांगताना रडली नाही, भाकरी थापत राहिली.

दोन दिवस मी घरोघर विचारपूस करत फिरले, वाट दाखवायला गोरख. भातखाचराच्या बांधावर माझा पाय घसरला, तर त्यानं काठी पुढे केली.

“हात द्यायचा सोडून काठी?” मी विचारलं.

“हात दिला तर गाव बोलंल.”

“बोलू नये म्हणून मी पडायचं का?”

तो कानापर्यंत लाल झाला. मग एकदम म्हणाला की उद्या मोजणीच्या वेळी तो काठी काढून ठेवणार आहे. लाईन जशी आहे तशी दिसू दे. मी म्हटलं, जे दिसेल तेच कळवेन. इतकं कोरडं बोलायला नको होतं, पण तो जवळ आला की मला कोरडंच सुचायचं.

दुसऱ्या दिवशी यंत्र लावलं. इंटरनेटच्या डबीवर लाल दिवा, म्हणजे लाईन बंद, सगळं ठरल्याप्रमाणे. तेवढ्यात जुन्नरहून मोटारसायकलवर आलेल्या गावातल्या सुभाषनं निरोप दिला: माझ्या आईला मंचरच्या दवाखान्यात नेलंय, आता ऑपरेशन आहे. निघाले असते तरी वेळेत पोचले नसते. गोरख बाहेर गेला.

थोड्या वेळानं दिवा हिरवा झाला.

मी घरी व्हिडिओ कॉल लावला, भावानं फोन आईपुढे धरला. आत न्यायच्या आधी आईनं एवढंच विचारलं, जेवलीस का? मी हो म्हटलं, खोटंच. पुन्हा फोन आला तो ऑपरेशन नीट झाल्याचा. मग यंत्राकडे लक्ष गेलं. त्यानं आपलं काम केलं होतं: हिरडेवाडी, पास.

मी वळणापर्यंत पळत गेले. तो काठी धरून उभा होता.

“का लावलीत?”

“माझ्या बापाचं त्वांड डाक्टरला दिसलं न्हाई. तुमच्या आईचं तुमाला दिसाय पायजे व्हतं.”

मला रडू आलं. या माणसावर माझं प्रेम बसलं होतं, आणि माझ्याच पायी त्याच्या गावाची फाईल बंद होणार होती.

शंका असेल तर फेरचाचणी घेता येते, पण कारण लिहावं लागतं. मोजणी चालू असताना लाईन माझ्या घरच्या फोनसाठी टेकू देऊन चालवली, हे लिहून द्यावं लागणार होतं. संस्थेतले साहेब फोनवर म्हणाले, नोकरीवर गदा येईल. मी लिहून दिलं.

सकाळी फेरचाचणीसाठी काठी मागितली तर तो देईना. तेवढ्यात कुणाला काही झालं तर, असं त्याचं म्हणणं. शेवटी नर्सताईंना आणि सुभाषच्या गाडीला तयार ठेवलं, तेव्हा कुठे त्यानं ती माझ्या हातात दिली. केबल खाली आली, दिवा लाल झाला. नापास. कुणाच्या नापास होण्याचा मला एवढा आनंद कधी झाला नव्हता.

मंचरला जायचं म्हणून मी वळणावर आले. एसटी दिसली, तशी मीच काठीनं केबल उचलली. तिचं ओझं मला झेपेना. गोरखनं मागून काठी धरली. एसटी खालून निघाली आणि पलीकडे माझ्यासाठी थांबली.

“आई बरी झाली की निरगुडसरला या,” मी म्हटलं. “तिला दाखवायचं आहे.”

“काठी?”

“काठी धरणारा.”

तो हसला नाही. केबलकडे बघत राहिला.

“आन् खांब आलेच न्हाईत तर?”

मी पिशवी खांद्याला अडकवली.

“तर मी यीन,” मी आमच्या घरच्या बोलीत म्हणाले. “मग दोघं आळीपाळीनं धरू.”

कंडक्टरनं घंटी दिली. गोरखनं केबलसकट काठी झाडाला टेकवली आणि सगळ्या एसटीदेखत माझ्यापुढे हात केला.