नेत्रसाक्षी

रविवारी सकाळी चालक शांतवन अमोलिक हे चर्चच्या बसमध्ये चढले, चष्मा पुसला आणि काचेवरच्या इवल्या भिंगाकडे पाहत बसले. खिशातला परवाना इतिहासजमा होऊन तीन वर्षं झाली होती. चर्चच्या मंडळीची बस चालवणाऱ्याचा परवाना आता बसमध्येच राहायचा. हे भिंग, म्हणजे नेत्रसाक्षी, रोज चालकाचे डोळे तपासून तो त्या दिवसापुरता द्यायचं. वाटेत डोळे दीड सेकंदाहून जास्त मिटले, की बस आपोआप थांबायची आणि परवाना गोठायचा.

हिरवा दिवा लागला. आज तो लागला नसता तर बरं झालं असतं, असं शांतवनना वाटून गेलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

दोन महिन्यांपूर्वी बस अशीच थांबली होती. परिवहन कार्यालयात सुनावणी झाली. अठ्ठावीस वर्षं बसला ओरखडा न लागू दिलेला माणूस 'डुलकी लागली' असं कोणत्या तोंडाने सांगणार? त्या वेळी मागे प्रार्थना चालू होती. प्रार्थनेत सवयीने डोळे मिटले, असं म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. चर्चच्या पाळकसाहेबांनी दुजोरा दिला, मंडळीने त्या जबाबाखाली सह्या केल्या. चालत्या बसमध्ये चालकाने डोळे मिटूच नयेत, हे साधं कुणी बोललं नाही. उलट कुणाची श्रद्धा दुखावू नये म्हणून कार्यालयाने यंत्राला नवा धडा दिला: प्रार्थना ऐकू आली, तर परवाना गोठवण्याआधी बसमधल्या सगळ्यांना विचारायचं आणि बहुमत मानायचं.

वाड्यांवरून चौदा म्हातारी माणसं घेऊन बस कालव्याच्या पुलाजवळ आली. मागे प्रार्थना सुरू झाली. पुढचं शांतवनना कळलंच नाही. हिसका बसून डोळे उघडले, तेव्हा बस थांबली होती आणि पुढच्या चाकाखाली कालव्याचा काठ होता.

पहिल्या बाकावर सुवार्ताबाई होत्या, मिशन हॉस्पिटलातल्या जुन्या नर्स. त्या हळूच म्हणाल्या, "भाऊ, झोपलात तुम्ही."

"मागल्या वेळीही झोपलोच होतो, बाई."

"ठाऊक आहे मला. तरी सही केली मी. तुम्ही गेलात तर आम्हाला उपासनेला कोण नेणार?"

शांतवनना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपलं पाप आपल्यापुरतं आहे, असं ते दोन महिने समजत होते.

यंत्राने विचारलं, "चालक प्रार्थना करत होते का?"

"नाही," शांतवन मोठ्याने म्हणाले. "मी झोपलो होतो."

मागून आवाज आला, "हो, प्रार्थनाच करत होते." मग दुसरा, मग सगळेच. सुवार्ताबाईंनी खाली पाहिलं आणि त्याही हो म्हणाल्या.

"होकार चौदा, नकार एक. परवाना कायम. प्रवास सुरू करा."

हिरवा दिवा पुन्हा लागला. शांतवननी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मागे चौदा माणसं विश्वासाने वाट पाहत होती. आपल्याच खोट्याने मिटलेले त्यांचे डोळे आता उघडायचे कसे?