एकोणीस नंबरची नळी

आधीच सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटा निघाला तर माझी ही कवळी आत्ताच्या आत्ता निखळून पडो! मागच्या खेपेला त्या मगरीच्या गोष्टीत मी थोडं तिखटमीठ लावलं होतं, कबूल. पण ही गोष्ट माझ्या सख्ख्या भाचीची, आणि हिच्यात वरून मीठ घालायला जागाच नाही. आधीच पुरेशी खारट आहे.

तर भाची. घरात तिला सगळे पेशीबाई म्हणायचे, कारण मुलगी केस विंचरतानासुद्धा पेशींवरच बोलायची. आपल्या रक्तात म्हणे पहारेकरी असतात, टी पेशी. ते गस्त घालत फिरतात, आणि कॅन्सरची पेशी दिसली की तिचा फडशा पाडतात. पण लढाई लांबली की हे पहारेकरी थकतात गं. जागेवर उभे असतात, पण हात उचलत नाहीत. ते का थकतात आणि त्यांना पुन्हा कसं हलवायचं, यावर पेशीबाईने सात वर्षं घातली होती. सात वर्षांत चष्मा जाड झाला, केस पातळ झाले, आणि आईच्या फोनला एकच उत्तर राहिलं, "नंतर करते."

एका दुपारी लॅबमधला मोठा फ्रीजर बोंबलायला लागला. आपला घरचा नव्हे हो, उणे ऐंशीचा! त्यात उसासा टाकला तर उसासासुद्धा गोठून खाली पडेल. पेशीबाई धावत आली तर फ्रीजरचं दार सताड उघडं, पांढऱ्या वाफेचे लोट बाहेर येताहेत, आणि त्या वाफेत गुडघ्यावर बसलेला एक मेकॅनिक… पापण्यांवर बर्फाचे कण, तोंडात स्क्रू-ड्रायव्हर.

"दार लावा आधी!" ती किंचाळली. "माझी सात वर्षं आहेत आत!"

त्याने शांतपणे स्क्रू-ड्रायव्हर तोंडातून काढला. "दोन मिनिटांत सात वर्षं वितळत नाहीत, बाई."

"आणि वितळली तर?"

"तर जन्मभर वारा घालत बसेन."

"कुणाला?"

"फ्रीजरला. तुम्हाला काय वाटलं?"

पेशीबाईला काय वाटलं ते तिने सांगितलं नाही, पण तिचे कान लाल झाले. त्या थंडीत – लाल! त्यालाही ते दिसलं असणार, कारण पुढचे दोन स्क्रू त्याने उलटे फिरवले.

आता या कामात नुसतं आजारी माणसांचं रक्त घेऊन भागत नाही. शेजारी ठेवून बघायला निरोगी माणसांचंही लागतं. आणि निरोगी माणसं सुई बघितली की पळतात. पेशीबाईला माणसं कमी पडत होती.

"तुम्ही निरोगी आहात का हो?" तिने विचारलं.

"कशाच्या दृष्टीने विचारताय?"

"रक्ताच्या!"

"मग आहे. बाकीचं नंतर बघू."

त्याला संमतीचा कागद भरायला दिला. त्यात शेवटी एक प्रश्न होता. तपासताना काही वावगं आढळलं तर तुम्हाला कळवायचं का? हो, नाही, समोर चौकटी. त्याने 'नाही'वर खूण केली, एवढी दाबून की खालच्या कागदावर उमटली.

"का?" ती न राहवून म्हणाली.

"माझ्या बाबांना कळलं होतं. कळल्यापासून दोन वर्षं ते जगले, पण हसले नाहीत. डॉक्टरांनी नुसतं नाव सांगितलं आजाराचं, आणि माणूस त्याच दिवशी गेला. देह मागून गेला." मग लगेच खांदे उडवून, "बरं, माझा नंबर काय?"

नाव कुणाचंच लावत नसत, नुसता नंबर. रक्त काढणाऱ्या नर्सताईने नळीवर चिकटवला होता, एकोणीस.

"छान! आजपासून मला एकोणीसच म्हणा."

आणि ती म्हणायला लागली. आधी "अहो एकोणीस", दुसऱ्या महिन्यात "ए एकोणीस". दर महिन्याला तो रक्त द्यायचा आणि नर्सताईच्या हातातली नळी स्वतःच लॅबमध्ये घेऊन यायचा. "माल पोचवायला आलोय," म्हणायचा. नळी स्टँडमध्ये राहायची आणि गप्पा सुरू व्हायच्या. तो तिला फ्रीजरांचे स्वभाव सांगायचा, कुठला रुसका, कुठला कुरकुऱ्या. ती त्याला पहारेकऱ्यांचे सांगायची.

"थकले तर त्यांना सुट्टी देत नाही का कुणी?"

"तेच शोधतेय ना मी… सात वर्षं."

"आणि तुला कधी सुट्टी?"

तो तिच्या चष्म्यावरचा डाग आपल्या रुमालाने पुसून द्यायचा. एवढंच. तेवढ्यावर तिचा महिना जायचा.

इथवर गोड आहे. इथून नाही.

रक्त आलं की तासाभराच्या आत कामाला घ्यायचं, असा तिथला नियम. उशीर झाला तर पेशी बिघडतात. पहिल्या महिन्यात एकोणीसची नळी मशीनला लावली आणि पडद्यावर पेशींचे ठिपके आले ते सगळे चुकीच्या कोपऱ्यात. थकलेल्या पहारेकऱ्यांच्या कोपऱ्यात. आजारी माणसाचे असतात, अगदी तसे. बाकी अकरा निरोगी माणसांचे ठीक, याचेच असे.

पेशीबाईने काय केलं? घड्याळ बघितलं. गप्पांत पावणेदोन तास गेले होते. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या गप्पांपायी नळी ताटकळली, रक्त नासलं, आता मोठ्या बाईंना काय सांगू? मोठ्या बाई म्हणजे लॅबच्या प्रमुख. तिने वहीत लिहिलं, 'नमुना खराब', आणि नळी कचऱ्यात टाकली. दुसऱ्या महिन्यात तेच. तिसऱ्या महिन्यात तेच. दर वेळी गप्पा, दर वेळी उशीर, दर वेळी 'नमुना खराब'.

चौथ्या महिन्यात तिने मन घट्ट केलं. तो "माल—" म्हणतोय तोवर नळी हातातून ओढून घेतली आणि दार लावलं. बाहेर तो काचेवर टकटक करत वाकुल्या दाखवत होता. आत तिने पेशी ओळखू याव्यात म्हणून रंग घातले, मशीन लावलं. शेजारी स्वतःचं रक्तही लावलं, खात्रीला.

तिचे ठिपके जागच्या जागी. त्याचे… त्याच कोपऱ्यात. आणखी दाटीने.

काचेपलीकडे तो अजून हसत होता.

ती मोठ्या बाईंकडे गेली. बाईंनी आकडे बघितले, मग कागद बघितला. "त्याने नाही म्हटलंय."

"बाई, हा माणूस आजारी आहे. आत्ता गाठलं तर कदाचित—"

"सही आहे त्याची. एकाची सही आपण मोडली तर बाकीचे कशावर विश्वास ठेवतील? नियमांवर लक्ष ठेवणारी समिती तुझा अभ्यास थांबवेल. सात वर्षं जातील."

"मग मी काय करू?"

बाईंनी कागद तिच्याकडे परत सरकवला. "जे करशील ते मला सांगू नकोस," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी ती त्याच्या वर्कशॉपमध्ये गेली. तो एका उघड्या यंत्रात खांद्यापर्यंत घुसला होता. तिने त्याच्यापुढे कोरा कागद धरला.

"हा पुन्हा भरशील?"

तो बाहेर आला. हात पुसले. कागदाकडे बघितलं, मग तिच्याकडे. "शेवटची चौकट बदलायला सांगतेयस."

तिने पेन पुढे केलं.

"म्हणजे आहे काहीतरी."

तिला सांगायची परवानगी नव्हती. पण डोळ्यांना काही सही-शिक्का नसतो गं, ते बोलून गेले.

"मी नाही म्हटलं होतं!" तो एवढ्या मोठ्यांदा ओरडला की पलीकडचा वेल्डर थांबला. "एवढं एकच मागितलं होतं मी तुमच्याकडे!"

त्या रागात तो तिला पुन्हा 'तुम्ही' म्हणाला, ते तिला जास्त लागलं. ती मागे फिरली. सोळा दिवस तो आला नाही. सतराव्या दिवशी आला, कागदावर 'हो'ची खूण करून, आणि म्हणाला, "चल. कुठे जायचं ते सांग."

लसिकाग्रंथींचा कॅन्सर निघाला. बराच पसरलेला. तिने स्वतः जाऊन समितीला सगळं सांगितलं. अभ्यासातून तिचं नाव काढलं, तिचं टेबल दुसऱ्या कुणाला दिलं. औषधाच्या तिसऱ्या फेरीला त्याचे केस गेले, तेव्हा ती खाटेशेजारी उभी राहून म्हणाली, "दोन गोष्टी सांगायच्यात. एक, मला तू आवडतोस. पहिल्या दिवसापासून. दुसरी… मला तीन महिने आधी दिसलं होतं. मला वाटलं, आपल्या गप्पांनी रक्त नासलं. मी तुला कचऱ्यात टाकलं रे. तीनदा."

तो म्हणाला, "मग ते तीन महिने मी सुखात होतो, ते तूच दिलेस की."

त्यांनी एक खोली घेतली, दोन खिडक्यांची. चौदा महिने राहिले. तो फ्रीजर दुरुस्त करायचा जमेल तेव्हा, ती दुसऱ्या एका छोट्या लॅबमध्ये नव्याने पहिल्या पानापासून लागली. चौदाव्या महिन्यात तो गेला, त्याचे पहारेकरी उठलेच नाहीत. ती अजून तेच काम करते. आता आलेली नळी ती तशी टाकत नाही, कितीही खराब दिसो. पुन्हा लावते, पुन्हा बघते, आणि मगच लिहिते.

बरं, आता एक कबूल करते. ते 'तीन महिने तूच दिलेस' वाक्य माझं आहे. तो तसं काही बोलला नाही. त्याने ऐकलं आणि भिंतीकडे तोंड केलं. ती तासभर उभी राहिली आणि मग निघून गेली. मला ते बघवेना, म्हणून मीच त्याच्या तोंडी घातलं.

पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, तेव्हा तो काही न बोलता सरकला. एवढीशी ती खाट, दोन्ही हातांना नळ्या, तरी कण्हत कण्हत कडेला सरकला आणि मोकळ्या जागेवर तळहाताने थोपटलं. हे मात्र मी बनवलेलं नाही. एवढं चांगलं मला सुचत नाही.