नोंद क्रमांक दोनशे बारा

जुन्या छापील कागदांच्या याद्या करणारे आम्ही लोक एक लबाडी हटकून करतो. यादीत एक खोटी नोंद घुसडतो. जगात नसलेली वस्तू, पण वर्णन असं बेमालूम की चोरालाही शंका येऊ नये. उद्या कुणी आपली यादी उचलून स्वतःच्या नावावर खपवली, की ती नोंद त्याच्या गळ्यात अडकलीच म्हणून समजा. त्यात पाप काही नाही, असं मी परवापरवापर्यंत मानत होतो.

मी ट्रुमन हास. छापखान्यातून निवृत्त झालो आणि बायकोबरोबर सॅन फ्रान्सिस्कोत समुद्राच्या बाजूला राहतो. दोन गोष्टी जमवतो. एक, आमच्या आज्या पियानोवर ठेवायच्या त्या गाण्यांच्या स्वरलिपीची रंगीत मुखपृष्ठं. दुसरी, दहा-बारा वर्षांपूर्वी इथल्या पोरांनी स्वतः काढून, पिना मारून, कुठल्याही कायदेशीर वितरकाशिवाय विकलेली चावट, बंडखोर कॉमिक्स. लोक विचारतात, यांचा एकमेकांशी संबंध काय? अहो, त्या दाढीवाल्या पोरांनी चौकटी, अक्षरं, गुलाबांच्या महिरपी सगळं त्या जुन्या मुखपृष्ठांवरूनच तर उचललं! कुणी कुठून उचललं, याचीच माझी यादी होती.

दोनशे बारावी नोंद खोटी. ‘बाई घरातच आहेत’, १९७०, चोवीस पानं, चित्रकाराचं नाव नाही, मुखपृष्ठ एका जुन्या वॉल्ट्झ नाचगाण्याच्या स्वरलिपीवरून. चित्रातल्या बाईचं वर्णन हवं होतं. आर्डिथ समोरच वाटाणे सोलत बसली होती. मी तिचंच लिहिलं: करडी वेणी, हनुवटीवर व्रण, स्वयंपाकघरात टेबलाशी बसलेली.

वाचून दाखवलं तर म्हणाली, “निदान दहा वर्षांनी तरुण करायचंस की रे, कंजूष!”

यादी मार्चमध्ये छापली. एप्रिलमध्ये लाइल पोमरॉयचा फोन आला. शहराच्या मिशन भागात त्याचं जुन्या कागदांचं दुकान आहे.

“तुझी दोनशे बारा सापडली बघ.”

“उगाच थट्टा करू नकोस.”

“थट्टा कसली लेका! सॅक्रामेंटोहून खोकं आलंय, त्यात निघाली. शेवटचं पान तेवढं फाटून गेलंय.”

मी दुकानात जाऊन ती हातात घेतली. चाळीस वर्षं कागद हाताळलेत. मला कुणी फसवू शकत नाही. पिना गंजल्या होत्या आणि गंजाचा डाग आतल्या पानांत उतरला होता. दहा वर्षांचा गंज एका महिन्यात आणता येत नाही. मुखपृष्ठावर आर्डिथ होती. आत आमचं स्वयंपाकघर होतं, आणि खिडकीला पिवळा पडदा. तो पडदा आम्ही गेल्या नाताळात लावला होता.

पहिल्या पानावर एकच संवाद होता: ‘वारा सुटलाय, चादरी आत घे.’

ती विकत घेऊन घरी आलो. जिन्यातच आर्डिथची हाक आली, “वारा सुटलाय, चादरी आत घे.”

मी हसलो. आमच्याकडे वारा रोजच सुटतो.

दुसऱ्या दिवशी तिनं दुसऱ्या पानावरचं वाक्य म्हटलं. तिसऱ्या दिवशी तिसऱ्या. शब्दसुद्धा इकडचा तिकडे नाही. त्याखेरीज तिचं बोलणं कमी होत गेलं, आणि आठवड्याभरात थांबलंच. पानावरचं एक वाक्य, मग दिवसभर काही नाही. डॉक्टरांनी तपासलं. नाडी ठीक, रक्तदाब ठीक. म्हणाले, थकल्या असतील.

नवव्या दिवशी मी तिच्यासमोर गुडघे टेकून बसलो. “आर्डिथ, आपलं लग्न कुठं झालं, सांग.”

तिनं प्रेमानं पाहिलं. “कॉफी गार होतेय,” ती म्हणाली. नववं पान.

मी प्रचंड घाबरलो होतो. दुरुस्तीची चिठ्ठी छापून सगळ्या संग्राहकांना धाडली: नोंद दोनशे बारा खोटी आहे, असं कॉमिक कधीच निघालं नाही. लाइलचा लगेच फोन.

“असं कसं म्हणतोस? पोर्टलंडला एक निघाली, टल्सालाही एक. तिन्हींचं शेवटचं पान नाही. टल्सावाला ते शोधतोय.”

“त्याला म्हणावं, शोधू नकोस.”

“तू? तू म्हणतोस हे?” लाइल हसला.

शेवटचं पान, म्हणजे पाठपोट दोन पानं, गेल्यानं माझ्या प्रतीत पानं बावीसच होती. बाविसाव्या दिवशी तिनं “दिवा राहू दे” म्हटलं आणि माझ्याजवळचे शब्द संपले. पुढचे दोन दिवस ती बोलली नाही. तिनं एकच शब्द बोलावा, कुठंही न छापलेला, एवढंच मी मागत होतो. शिवी दिली असती तरी चाललं असतं.

पंचविसाव्या सकाळी, सोमवारी, ती कॉफी पिता पिता थांबली.

“ट्रुमन, माँटेरेला आपण छत्री विसरलो होतो, आठवतंय? हिरवी. मला अजून तिची हळहळ वाटते.”

ही गोष्ट आम्हा दोघांखेरीज कुणाला ठाऊक नव्हती. मी टेबलावर डोकं टेकून लहान मुलासारखा रडलो. तिनं माझ्या केसांतून हात फिरवला. परत आली होती माझी आर्डिथ. मी तिला ऑम्लेट करून घातलं, रेडिओ लावला, कितीतरी वेळ बडबडत राहिलो. ती ऐकत होती.

अकरा वाजता टपाल आलं. टल्साचा शिक्का, आत दोन पुठ्ठ्यांमध्ये जपून ठेवलेलं एक पान.

ते न बघता चुलीत घालायला हवं होतं. पण न बघता कागद जाळणारा माणूस आमच्यात जन्माला यायचाय.

मी बैठकीच्या खोलीत, उभ्यानंच पाहिलं.

तेविसावं पान. टेबलावर डोकं टेकलेला माणूस, त्याच्या केसांत बाईचा हात. संवादाच्या फुग्यात माँटेरे. फुग्यात छत्री. हिरवी. हळहळ.

पान उलटलं.

चोविसाव्यावर एकच मोठं चित्र होतं. बाई, कप, चमचा. फुगा नव्हता.

“आर्डिथ!”

स्वयंपाकघरातून ढवळल्याचा आवाज येत होता.

मी दाराशी गेलो. तिनं वर पाहिलं नाही. कॉफी कधीच संपली होती. कोरड्या कपात चमचा एका लयीत गोल फिरत होता.

आज गुरुवार. अजून फिरतोय.