किलोत न बसणारा वाटा

"म्हावरा विकू, का या डबड्याला किलो सांगत बसू?" सुंदराबाई ओठांतल्या ओठांत पुटपुटली. शेजारी मोबाइल धरून उभ्या असलेल्या विनिताला ते बरोब्बर ऐकू गेलं.

गोराईच्या मासळीबाजाराला अंधेरीच्या एका कंपनीनं सामाजिक जबाबदारी म्हणून ॲप दिलं होतं, सोबत बर्फाची मोठी पेटी. अट एकच – ॲप वापराल तर पेटी तुमची. आता ॲप मागे किलो, आणि बायका बोंबील विकत वाट्यानं! नजरेनं लावलेला ढीग. गिऱ्हाईक कुरकुरलं की वर चार मांदेल्या. पण वजन भरलं नाही तर ॲपात विक्रीची नोंदच नाही. म्हणून बायकांना मदत करणाऱ्या संस्थेच्या विनितानं मनाला येतील ते किलो भरायचे, आणि कंपनीनं त्यांचे रंगीत आलेख मिरवायचे. तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

आणि ते ॲप बनवणारा दहिसरचा सुबोध दर आठवड्याला बोटीतून हसत उतरायचा – 'अपडेट' करायला!

"आज काय अपडेट केलंस रे?"

"बटण हिरवं केलं. तुझ्या ओढणीसारखं..."

"लाज वाटते का? वाट्याचं ऑफिसात बोललास?"

"बोललो तर प्रोजेक्ट बंद. पेटी जाईल. आणि मी... मग मी इकडे कशाला येऊ?"

खाडीच्या वाऱ्यानं त्याचे केस कपाळावर आले होते. क्षणभर ती विरघळली – आणि मग दुप्पट भडकली. "तुझ्या येण्याचं ओझं या बायकांच्या डोक्यावर नको!"

तेवढ्यात कॅमेरावाल्याला घेऊन सुबोधचे साहेब आले, निमेशसर. "काय मावशी, ॲपचा फायदा होतो ना?"

बायकांनी पेटीकडे पाहिलं. "हो हो..." विनितानंही मान खाली घातली.

"नाही होत, सर," सुबोध म्हणाला. "यांचा धंदा वाट्याचा, मी किलो मागत बसलो. यांना न विचारताच बनवलं. आलेख सगळे खोटे आहेत. ॲप काढा, पेटी राहू द्या."

सुंदराबाई उठली आणि सरळ पेटीवर जाऊन बसली. "उचला आता!"

निमेशसर लालबुंद झाले. "एवढं बिनकामाचं होतं, तर तू दर आठवड्याला इथे कशाला येत होतास?"

कोयत्यांचे आवाज थांबले. सुबोधनं विनिताकडे पाहिलं.

"हिच्यासाठी."