विसरले की टाळली?

बुधवारी सकाळी नऊच्या ठोक्याला कमळजा सानपच्या दंडावर पिवळा ठिपका उजळला, आणि तिच्या तोंडून "अगं बाई!" इतक्या जोरात निघालं की मेसमधल्या सगळ्याजणींचे पोह्यांचे चमचे हवेतच थांबले. बाकी पंधराजणींच्या दंडांवर मात्र रोजच्यासारखा हिरवा ठिपका होता. त्यांनी आधी तिच्या दंडाकडे बघितलं, मग तिच्या तोंडाकडे.

आणि वेळ तरी कसली! लोणारच्या विवराकाठी चांद्रतळाचं प्रशिक्षण केंद्र उभं राहून सात वर्षं झाली होती. आता कुठे पहिल्या आठजणींची यादी लागणार होती, तीही आज दुपारी बाराला. चंद्रावरच्या बोगद्याचे सांधे जोडायला वेल्डर हवी होती आणि कमळजासारखा सांधा जिल्ह्यात कुणाचा नव्हता. तिचा नवरा परसराम एसटी चालवायचा. बायको चौदा महिने चंद्रावर जाणार, हे त्यानं मेहकर ते जालना प्रत्येक थांब्यावर सांगून ठेवलं होतं.

कमळजा तशीच उठून डॉक्टर तस्नीम काझींच्या खोलीत शिरली.

"मॅडम, हा तुमचा जागल्या बिघडलाय बघा!"

डॉक्टरीणबाई हसल्या. "जागल्या बिघडत नाही, कमळजाताई. माणसं बिघडतात. बसा."

पूर्वी गावात रात्रभर राखण करणारा जागल्या असायचा. त्याचंच नाव ह्या भगरीएवढ्या दाण्याला दिलेलं. दंडाच्या कातडीखाली बसून तो रक्तातली संप्रेरकं मोजायचा. अंडाशय झोपलेलं असेल तर हिरवा, जागं व्हायला लागलं की पिवळा, बीज सुटलं की लाल. गरोदर बाईला चंद्रावर पाठवत नसत, म्हणून सगळ्याजणी रोज सकाळी नऊला गर्भनिरोधक गोळी घ्यायच्या.

"पण मी तर गोळ्या घेते ना!"

"पाकीट दाखवा."

एकवीस पांढऱ्या, सात तांबूस. तांबूस सगळ्या संपल्या होत्या. नव्या पाकिटातल्या सोमवारच्या आणि मंगळवारच्या पांढऱ्या गोळ्या जागच्या जागी होत्या.

"सोमवारी श्रावणी सोमवार होता, मॅडम. आणि काल लगेच अंगारकी! गोळीत मक्याचं पीठ असतं म्हणतात. उपासाला कसं चालेल?"

काझी मॅडमनी कपाळावर हात मारला, पण रागावल्या नाहीत. "हे बघा. पांढऱ्या गोळीत दोन संप्रेरकं असतात. ती मेंदूला सांगतात की ह्या महिन्याचं बीज होऊन गेलंय, आता काही करायचं नाही. मेंदू बिचारा विश्वास ठेवतो. तांबूस सात दिवस ही थाप बंद असते, त्यात नुसतं लोह असतं. सात दिवस अंडाशय झोपून राहतं. तुम्ही वर दोन दिवस घातलेत, नऊ झाले. मधे कुठे एखादी राहिली असती तर आठवल्यावर लगेच घेतली की भागलं असतं. पण पाकिटाची सुरुवात लांबवायची नाही, हे कितीदा सांगितलंय?"

"रविवारी मी घरी गेले होते," कमळजा पुटपुटली.

"तेच विचारणार होते." त्यांनी रक्तदाब घेतला, पोटरी दाबून बघितली, डोळ्यांपुढे काजवे चमकून डोकं दुखलं का तेही विचारलं. नाही, सगळं ठीक होतं. मग त्यांनी टेबलावर तीन गोळ्या मांडल्या. "कालची आणि आजची आत्ता घ्या. सोमवारची टाकून द्या. तिसरी तातडीची आहे, बहात्तर तासांच्या आत घ्यायची. बीज अजून सुटलेलं नाही, ही गोळी त्याला थोपवू बघेल. पक्की हमी नाही, म्हणून तीन आठवड्यांनी तपासणी. तीन तासांत उलटी झाली तर परत यायचं. आणि पुढचे सात दिवस निरोध. परसरामभाऊंना सांगायला लागेल."

कमळजानं सुटकेचा श्वास टाकला. वाचले! हात पुढे केला, पण डॉक्टरांनी गोळ्यांवर तळवा ठेवला.

"आधी पाकिटाची पाठ वाचा."

पाठीवर ठळक छापलेलं होतं: साबुदाण्याच्या पिठात बांधलेली. उपवासाला चालते.

"आम्हीच बदलून घेतलंय हे," काझी मॅडम म्हणाल्या. "आमच्याकडे रोज्यात बायका पहाटे सहरीच्या जेवणाबरोबर गोळी घेतात, चुकत नाही. तुमच्याकडे दर एकादशीला चुकायची, म्हणून साबुदाणा. आणि ताई, आषाढीला तुम्ही ही गोळी घेतलीत. जागल्याकडे नोंद आहे."

कमळजानं पाकीट उलटं करून टेबलावर ठेवलं.

"त्याच्याकडे आणखी एक नोंद आहे. ठरलेलं काम आठवलं की माणसाची नाडी किंचित उसळते, कातडीला नकळत घाम सुटतो. ह्याला आम्ही स्मरणठसा म्हणतो. विसरलेल्या बाईच्या दंडावर तो उमटत नाही. तुमच्या दंडावर सोमवारी नऊला उमटला, काल नऊलाही. दोन्ही वेळा तुम्हाला आठवलं होतं. म्हणून तातडीच्या गोळीच्या अर्जात रकाना आहे: विसरलात की टाळलीत?"

"विसरले म्हटलं तर?"

"तर खोटं ठरेल, आणि यादीतून नाव जाईल. गोळी विसरणारी उद्या हवेची झडपही विसरेल. टाळली म्हणालात तर नाव जात नाही. मग एवढंच सांगायचं की जायचंय का राहायचंय. ते तुमचं तुम्ही."

कमळजाच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मॅडम, देवाशप्पथ, मला वाटलं मी उपासासाठीच..."

"तुम्हाला वाटलंच असेल," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "यादी जवळ आल्यापासून केंद्रात सहाजणी माझ्याकडे येऊन गेल्या. सहाही म्हणाल्या, विसरले. एकही विसरलेली नव्हती."

खिडकीतून विवराचं हिरवं पाणी दिसत होतं. त्याच्या काठावर कालच तिनं जाड पोशाखात, हातमोजे घालून, एका दमात बारा सांधे जोडले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या आणि ती लहान पोरीसारखी नाचली होती. तो आनंद खोटा नव्हता. सोमवारी नऊ वाजता पाकीट हातात धरून उभी राहिलेली बाईही खोटी नव्हती. दोघींनाही तिनं आज पहिल्यांदा एकत्र बघितलं.

तिनं रकान्यात लिहिलं: टाळली. खाली लिहिलं: जायचंय. आणि तिन्ही गोळ्या एका घोटात घेतल्या.

बाराला यादी लागली. तिसरंच नाव! पोरींनी तिला उचलून धरलं, कुणी पेढा कोंबला, कुणी शिट्ट्या मारल्या. पेढा तोंडात असतानाच तिनं परसरामला फोन लावला.

"लागलं हो! नाव लागलं!"

पलीकडे परसरामनं एसटीचा भोंगा इतका लांब वाजवला की प्रवासी ओरडले. तिला हसू आवरेना. मग तिनं सांगितलं, ते तातडीच्या गोळीचं आणि सात दिवसांचं. कारणही सांगावंच लागलं.

"विसरलीस होय?" तो सहज म्हणाला. "होतं अगं. इतक्या गडबडीत..."

किती सोपं होतं हो म्हणणं! घराघरांतल्या बायकांनी आजवर तेच तर म्हटलं होतं.

"विसरले नव्हते. टाळली."

पलीकडे त्यानं एसटीचं इंजिन बंद केलं.

"मग आज ती थोपवायची गोळी?" त्यानं विचारलं.

"तीही मीच घेतली."

"लग्नाला सहा वर्षं झाली, कमळे. आई नातवंडाचं विचारते तेव्हा मी सांगतो, देवाच्या मनात असेल तेव्हा होईल. आता काय सांगू तिला?"

मागे पोरी तिच्या नावाचा पुकारा करत होत्या. कमळजानं फोन घट्ट कानाशी धरला.

"सांगा," ती म्हणाली, "देवाचं माहीत नाही. हिच्या मनात होतं. आणि हिनंच नको म्हटलं."