फुलं गळालेली सहा अंगणं

"कळी धरायची नाही. एक तरी फूल पूर्ण उघडलेलं असेल तरच झाड मोजायचं," अपेक्षाने तिसऱ्यांदा बजावलं.

"ही उद्या उघडणारच आहे, ताई." साईराजने जास्वंदीची कळी दोन बोटांत धरली होती. "एक दिवस आधी मोजली तर काय बिघडतं?"

"मग परीक्षेत पण एक वर्ष आधी पास करा म्हणून सांग बाईंना," नंदा कुंपणापलीकडून म्हणाली, आणि साईराजने मुकाट्याने कळी सोडून दिली.

अपेक्षा पेणच्या शाळेत आठवीत होती. 'ऐन थंडीत आपल्या भागातल्या अंगणांत कोणकोणती झाडं फुलतात, ते मोजून आणा,' असं काम अनिताबाईंनी नाताळच्या सुट्टीत दिलं होतं. सुट्टीला ती रोह्याला, म्हणजे नदीपलीकडच्या अष्टमीत, वैशालीमावशीकडे आली होती. साईराज हा मावशीचा मुलगा, अकरा वर्षांचा. नंदा त्याच्याच शाळेत आठवीत होती. नदीकाठच्या वाडीत राहायची, आणि तिला झाडांची जेवढी नावं ठाऊक होती तेवढी अपेक्षाच्या पुस्तकातही नव्हती.

मावशीच्या गल्लीत बारा घरं होती. सहा पूर्वेला, सहा पश्चिमेला, मधून रस्ता. पंचवीस तारखेला तिघांनी पहिली मोजणी केली. झेंडू, शेवंती, अबोली, कोरांटी, सदाफुली, तगर, जास्वंद, कण्हेर. पूर्वेकडच्या ओळीत फुललेली झाडं अडतीस भरली, पश्चिमेकडच्या ओळीत पस्तीस. दर एक दिवसाआड पुन्हा मोजायचं ठरलं.

सत्तावीस तारखेला पूर्वेला तेहतीस भरली. अपेक्षाला वाटलं, आपलीच मोजताना चूक झाली असेल. पण एकोणतीस तारखेला आकडा एकवीसवर आला आणि ती वहीकडे बघतच राहिली. पश्चिमेकडची झाडं छत्तीस होती, म्हणजे एकाने वाढलीच होती.

"देवाला फुलं तोडून नेत असतील कोणीतरी," साईराज म्हणाला.

"तोडली असती तर देठ दिसले असते. ही गळून पडलीयेत." अपेक्षाने जमिनीवरची शेवंती उचलली. पाकळ्या कडेने तपकिरी झाल्या होत्या. "आणि चोर काय रस्ता ओलांडत नाही का?"

सगळ्यात वाईट दशा हैबतआबांच्या अंगणाची होती. हैबतराव म्हणजे गल्लीतले सगळ्यात वडीलधारे आणि सगळ्यात तापट गृहस्थ. त्यांचं घर पूर्वेच्या ओळीत चौथं होतं, आणि त्यांचे झेंडू दसऱ्यापासून गल्लीच्या कौतुकाचा विषय होते. आता ते मान टाकून उभे होते.

"तुम्ही पोरं रोज येऊन हात लावता, म्हणून सुकली," आबा ओट्यावरून गरजले. "व्हा बाहेर."

तिघं बाहेर आली. नंदाने मात्र येताना एक मेलेलं झेंडूचं रोप उपटून आणलं होतं. तिने मुळं नाकाशी धरली, मग कुंपणालगतची माती काडीने उकरली.

"हिथं मुंग्या नायत," ती हळूच म्हणाली. "गांडूळ नाय, काय नाय. आणि मातीचा रंग बघ. आमच्या वाडीत माती अशी काळपट कधी होत नाय."

अपेक्षाने माती हुंगली. अगदी अंधुक, कुजलेल्या कांद्यासारखा वास आला आणि गेला.

त्या दुपारी तिने वहीच्या मागच्या पानावर गल्लीचा नकाशा काढला आणि सुकलेल्या प्रत्येक झाडाच्या जागी फुली मारली. मग तिने वही लांब धरून पाहिली. फुल्या अंगणभर विखुरलेल्या नव्हत्या. त्या कुंपणालगत एका सरळ ओळीत होत्या. चौथ्या घरापाशी दाट, आणि दोन्ही बाजूंना विरळ होत गेलेल्या.

"इथून काय गेलंय खालून?" तिने विचारलं.

साईराज आणि नंदाने एकमेकांकडे पाहिलं. दोघांना एकदमच आठवलं. घरोघरी गॅस द्यायचा म्हणून पंधरा दिवसांपूर्वी ठेकेदाराची माणसं जेसीबी घेऊन आली होती. कुंपणालगत चर खणला, पिवळा पाइप टाकला आणि बुजवून गेली.

*

एकतीस तारखेला सकाळी पूर्वेच्या ओळीत फक्त नऊ झाडं फुललेली होती. अपेक्षाने वही घेतली आणि तिघं पुलाजवळ गेली. ठेकेदाराचा सुपरवायझर मिथुन तिथे पुढच्या गल्लीचं काम करून घेत होता.

"दादा, आमच्या गल्लीतला पाइप कुठेतरी फुटलाय असं वाटतं," अपेक्षा म्हणाली.

"कोणी सांगितलं?"

"झाडांनी," साईराज म्हणाला. अपेक्षाने त्याला कोपराने ढोसलं आणि वही पुढे केली. मिथुनने वहीकडे पाहिलंही नाही.

"लाइनीत अजून गॅसच सोडलेला नाही. थंडीने झाडं सुकतात, बाळा. जा, खेळा."

"मग समोरची का नाही सुकली? थंडी तर दोन्हीकडे सारखीच आहे."

मिथुनचा चेहरा क्षणभर बदलला. तो इकडेतिकडे पाहत म्हणाला, "आज वर्षाचा शेवटचा दिवस आहे. मला काम पुरं दाखवायचंय. उगाच अफवा उठवलीत तर तुमच्या घरच्यांना बोलवीन."

"तो घाबरला," परत येताना नंदा म्हणाली. "खोटं बोलणारा माणूस आधी मागं बघतो."

मावशी रुग्णालयात परिचारिका होती आणि तिची संध्याकाळपर्यंत शिफ्ट होती. दोनदा फोन लावला, पण तो बंद. शेजारच्या दोन-तीन मोठ्या माणसांना सांगून पाहिलं. एकाने हसून डोक्यावर थोपटलं, दुसऱ्याने 'हो हो, बघतो' म्हणून दार लावून घेतलं.

साडेचारच्या सुमाराला साईराज पळत आला. "ताई, आबांच्या बाजूच्या मोकळ्या जागेत पोपटी लावतायत. थर्टी फर्स्टची. अख्खी गल्ली जमणार आहे."

अपेक्षाच्या हातातलं पेन थांबलं. पोपटी म्हणजे काय ते तिला कोणी सांगायला नको होतं. थंडीत पेणलाही घरोघरी लागायची. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, अंडी, बटाटे भरायचे, मडकं जमिनीवर पालथं घालायचं, भोवती पेंढा आणि पालापाचोळा रचायचा आणि पेटवून द्यायचा. जमिनीवर. नेमकं त्या जमिनीवर, जिथे नकाशातल्या फुल्या सगळ्यात दाट होत्या.

"कंपनीला फोन केला पाहिजे. नंबर कुठे मिळेल?"

"लाइनीवर पिवळे खांब लावतात, त्यावर असतो," साईराज म्हणाला. "पण आपल्या गल्लीत लावलेच नाहीत."

"लावले नायत, पण टाकलेत," नंदा म्हणाली आणि धावली. कोपऱ्यावर उरलेल्या खडीच्या ढिगाआड दोन खांब प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले पडले होते. तिने दातांनी प्लॅस्टिक फाडलं आणि मोठ्याने नंबर वाचला. अपेक्षाने मावशीच्या घरात, मागच्या खोलीत जाऊन फोन लावला.

पलीकडच्या बाईंनी मध्ये न तोडता सगळं ऐकून घेतलं. त्यांचा एकच प्रश्न होता. "तुमच्या गल्लीचं नाव पुन्हा सांग." मग काही क्षण नुसती बटणं दाबल्याचा आवाज आला.

"त्या लाइनीत चोवीस तारखेपासून गॅस आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज आता वेगळाच झाला होता. "माणसं निघतायत, पण चाळीस मिनिटं लागतील. तोवर तिथे आग नको, ठिणगी नको. लोकांना लांब करा. मोठं कोणी आहे का जवळ?"

"आहेत," अपेक्षा म्हणाली. "पण ऐकत नाहीत."

*

मोकळ्या जागेत वीसेक माणसं जमली होती. मडकं पालथं घालून झालं होतं. आबा स्वतः पेंढा रचत होते, आणि त्यांच्या खिशातून काडेपेटी डोकावत होती.

"आबा, पेटवू नका. खाली गॅस आहे. कंपनीची माणसं येतायत." धावत आल्यामुळे अपेक्षाला धाप लागली होती.

"पुन्हा आली का ही?" आबा पेंढ्यावरून मान न उचलता म्हणाले. "अगो, साठ वर्सं मी हिथं पोपटी लावतोय."

"तेव्हा खाली पाइप नव्हता, आबा."

काही जण हसले. कोणीतरी म्हणालं, "आबा, पाच मिनिटं थांबा की, पोरं सांगतायत तर." पण दुसऱ्याने लगेच म्हटलं, "सुपरवायझर सकाळी भेटला होता मला. लाइन रिकामी आहे म्हणाला." झालं. आबांनी काडेपेटी काढली.

अपेक्षाने मागे पाहिलं. साईराज बादली घेऊन येत होता. सिलिंडर बसवणारे काका जोडावर साबणाचा फेस लावून गळती बघतात, ते त्याला आठवलं होतं. म्हणून त्याने भांड्यांचा साबण कालवून बादलीभर पाणी आणलं होतं. कुंपणालगत ओतून मोठ्यांना बुडबुडे दाखवायचे, असा बेत होता. पण आता कुंपणापर्यंत जायला, समजवायला, वाट बघायला वेळच नव्हता. आबांनी काडी पेटीवर टेकवली होती.

तिने साईराजच्या हातातली बादली ओढून घेतली आणि सगळीच्या सगळी पेंढ्यावर ओतली.

एक क्षण कोणाला काही कळलंच नाही. पेंढा भिजून बसला, फेस मडक्यावरून ओघळला, आणि आबांच्या हातातली काडीही भिजली. मग सगळे एकदम बोलायला लागले. "काय हा वात्रटपणा!" "वैशालीला सांगा, पोरीला पेणला धाडून दे." आबांचा चेहरा लाल झाला होता. ते एक पाऊल पुढे आले. अपेक्षा मडक्यासमोरून हलली नाही. नंदा येऊन तिच्या शेजारी उभी राहिली. मग साईराजही.

"आबा," नंदा म्हणाली, "मारायचं तर मागाहून मारा. आधी खाली बघा."

आबांनी खाली पाहिलं.

मडक्याच्या कडेला, ओल्या मातीत, साबणाच्या पाण्याचं थारोळं साचलं होतं. त्यातून एक बुडबुडा वर आला, फुगला आणि फुटला. मागोमाग दुसरा. मग चार ठिकाणांहून एकदम. भात शिजताना वर येतात तसे बुडबुडे येतच राहिले. आवाज मात्र कसलाच नव्हता. माणसांचा गलका हळूहळू विरला आणि तो कुजलेल्या कांद्याचा वास आता सगळ्यांनाच आला.

आबांनी काडेपेटी हळूच खिशात ठेवली. ते बोलले तेव्हा त्यांचा आवाज अगदी शांत होता. "कोणी विडी-काडी करायची नाय. मोबाइल काढायचा नाय. मोटारसायकल चालू करायची नाय, ढकलत न्यायची. बायापोरं आधी. शाळेच्या पटांगणात चला."

सगळी गल्ली चालत निघाली. साईराजने पहिल्या घरातल्या आजीबाईंचा हात धरला. नंदा दारोदार धावून चुली विझवायला सांगत होती. अपेक्षा सगळ्यात मागे आबांच्या बरोबर होती, आणि आबांचा हात तिच्या खांद्यावर होता.

*

कंपनीची माणसं आली तेव्हा उजेड अजून होता. त्यांनी लांबवरचा वाल्व बंद केला, यंत्राने हवा तपासली, आणि बऱ्याच वेळाने, सगळं सुरक्षित झाल्यावर, चर हाताने उकरला. चौथ्या घराजवळ पाइपला जेसीबीच्या दाताची बोटभर चीर पडली होती. त्यावर चक्क चिकटपट्टी गुंडाळलेली होती.

मिथुनला बोलावून आणलं होतं. "हे आज-कालच झालंय, साहेब," तो म्हणाला. "कोणीतरी कुदळ मारली असेल. आमचं काम चोख होतं."

कंपनीच्या इंजिनीयरसाहेबांनी गल्लीकडे नजर टाकली. "इथे पहिली शंका कोणाला आली?"

अपेक्षाने वही पुढे केली. साहेबांनी बॅटरीच्या उजेडात एकेक पान पाहिलं. पंचवीसला अडतीस, सत्तावीसला तेहतीस, एकोणतीसला एकवीस, एकतीसला नऊ. समोरच्या ओळीत पस्तीस, छत्तीस, छत्तीस, सदतीस. मग नकाशा. त्यांनी वही मिटली नाही, तशीच उघडी मिथुनसमोर धरली.

"गॅस सोडला चोवीसला. तीन दिवसांत झाडं सुकायला लागली. ही कुदळ काल मारलेली नाही."

मिथुनने मान खाली घातली. तो म्हणाला, "पाइप बदलायचा तर अख्खा दिवस गेला असता. वाटलं, पट्टी टिकेल."

"ही मुलं म्हणतायत, सकाळी तुम्हाला सांगायला आली होती. खरं?"

"हो."

त्याचं पुढे काय करायचं ते साहेबांनी त्याला बाजूला नेऊन सांगितलं. मुलांना ते ऐकू आलं नाही. पण दुसऱ्या दिवशी काम थांबलं, आणि अष्टमीतला पुरलेला सगळा पाइप पुन्हा तपासला गेला.

मावशी शिफ्टवरून परतली तेव्हा तिला पटांगणातच सगळं कळलं. तिने दोघांना जवळ ओढलं, मग नंदाला. तोवर अपेक्षा अगदी व्यवस्थित बोलत होती. मावशीच्या साडीला डेटॉलचा वास आला आणि तिला एकदम रडू फुटलं. मावशीने ते थांबवलं नाही.

दोन जानेवारीला शेवटची मोजणी होती. हैबतआबा फाटकातच उभे होते. त्यांनी फाटक पूर्ण उघडलं.

"या, मोजा." आणि मग, जरा घसा खाकरून, "माझ्या वयाच्या माणसानं ऐकायला पायजे होतं. नाय ऐकलं. तुमी थांबला नायत, ते बरं केलंत. हुशार तर हायतच पोरं, पण धीराची हायत."

साईराज कानापर्यंत हसला. तिघांनी अंगण फिरून पाहिलं. झेंडू नुसत्या काड्या झाले होते.

"किती?" आबांनी विचारलं.

अपेक्षाला सांगवेना. "शून्य, आबा."

"मग शून्यच लिही. खोटं कशाला लिवायचं?" त्यांनी वाफ्यातली एक वाळलेली काडी उपटून बाजूला टाकली. "त्या संध्याकाळी हिथं एकवीस माणसं होती. मी काल बसून आठवली, एकेक. एकवीसच्या एकवीस आज घरी हायत. तेपण लिही."

"माणसांचा रकाना नाय वहीत," नंदा म्हणाली.

"नसंल तर आख की."

अपेक्षा ओट्यावर बसली, मांडीवर वही उघडली आणि पट्टी शोधू लागली.