देवीलालचा बीपी

"तोंडातला खर्रा थुकून या आधी. मंग हात पुढे करा."

देवीलालशी माझं पहिलं बोलणं हे एवढंच. प्रेमाची सुरुवात अशी होते असं कुणी मला सांगितलं असतं, तर त्यालाही मी रांगेतून बाहेर काढलं असतं.

आर्णी तालुक्यातल्या एका तांड्यालगत आमचं उपकेंद्र आहे, तिथे मी नर्स. त्या दिवशी बीपी तपासायचा वार होता. देवीलाल तपासून घ्यायला आलाच नव्हता. बहिणीला, लालीबाईला, मोटरसायकलवर घेऊन आला होता. खुर्ची रिकामी दिसली म्हणून बसला, आणि मी त्याच्यावर खेकसले. तो मुकाट्याने बाहेर गेला, चूळ भरून आला, बाही वर केली.

"मी पेशंट नाही, सिस्टर. खुर्ची दिसली, बसलो."

"बसले ना? मंग आता पेशंटच."

बीपी खरंच वाढलेला निघाला.

"तुम्ही सगळ्याइवर अशाच खेकसता काय?"

"ज्याले मराची घाई आहे त्याच्यावर."

तो हसला... अगदी हळू, एका बाजूने. साठीला टेकलेल्या माणसाला इतकं चांगलं हसता येऊ नये. त्याची बायको जाऊन बरीच वर्षं झाली, हे लालीबाईने मी न विचारताच सांगून टाकलं.

माझ्या रागाचं म्हणाल, तर मी नर्स झाले तीच रागाने. माझी मुलगी प्रज्ञा पहिल्या बाळंतपणात गेली. भर दुपारी तिला ऑटोत घालून नेलं, तर केंद्राच्या दाराला कुलूप. आम्ही पायरीवर बसून राहिलो. पोर वाचली, आई नाही. त्या पोरीला, पायलला, मांडीवर घेऊन मी बारावी केली आणि मग नर्सिंग. नवरा आधीच गेलेला. भाऊबंद म्हणायचे, आजीबाईने नातीला गोष्टी सांगाव्या, सुया काय टोचायच्या! मी गोष्टीही सांगितल्या आणि सुयाही टोचल्या. पायल आता यवतमाळला कॉलेजात आहे. मी उपकेंद्राच्या मागच्या खोल्यांतच राहते आणि दार कुणीही केव्हाही वाजवावं.

आमच्याकडे रीत अशी, की बीपी काबूत असला तर माणसाला महिन्याने बोलवायचं, चढलेला असला तर दर आठवड्याला. देवीलाल दर आठवड्याला येऊ लागला, गोळ्या घेऊन जाऊ लागला. दाढी केलेली, धुवट सदरा, केसांना तेल. आधी 'राम राम' म्हणायचा, मग एक दिवस दारातूनच 'जय भीम, सिस्टर' म्हणाला. मीही 'जय भीम' म्हटलं, आणि ते दिवसभर कानात का राहिलं म्हणून स्वतःवरच चिडले.

"मीठ कमी केलं?"

"केलं."

"लोणचं?"

"त्याच्याकडे पाहतबी नाही."

"मंग काहून उतरत नाही बीपी?"

"तुम्ही पट्टा बांधला का चढते... मी काय करू?"

लालीबाई मागे पदरात तोंड घालून हसली. मी "पुढचे" म्हणून ओरडले. पण त्याच्या मनगटावरून माझी बोटं उचलायला क्षणभर उशीर झाला होता. मला बोटांचाही राग आला. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांना सांगून मी त्याची गोळी वाढवून घेतली. मला खरंच काळजी वाटू लागली होती.

कापूस फुटला. पहिल्या वेचणीच्या दिवशी आमच्याकडे सीतादही करतात. कपाशीच्या झाडाशी दहीभात ठेवायचा, मग वेचायला हात लावायचा. देवीलाल बोलवायला आला. मी पूजेबिजेत नसते, पण शेतातल्या दहीभाताला कोण नाही म्हणतं?

शेत पांढरंशुभ्र फुटलं होतं. कोवळं ऊन, बाया कापूस घालायला कमरेला ओटी बांधून ओळीत उभ्या. त्याने पळसाच्या पानावर दहीभात वाढला आणि माझ्या जरा जवळच बसला.

"एकट्या कायले राहता तुम्ही?"

"एकटी कुठं? नात आहे मले."

"नात यवतमाळले आहे."

"मी आजी आहो, देवीलालजी..."

"मीबी आजा आहो. म्हणून काय मन पेन्शनीत गेलं?"

मला हसू आलं. उत्तर ओठावर होतं — आणि ते गोड होतं, हे आज कबूल करते. तेवढ्यात तो पाणी आणायला उठला आणि त्याने झोकांडी खाल्ली. कपाशीचं झाड धरायला गेला, झाडासकट खाली. बोलायला लागला तर जीभ जड.

मशीन माझ्या पिशवीत असतंच. आकडा पाहिला, पुन्हा मोजायला थांबले नाही. अॅम्ब्युलन्सला फोन केला, त्याला कुशीवर सावलीत निजवलं. दवाखान्यात लागेल म्हणून लालीबाई त्याच्या पिशवीत आधार कार्ड शोधत होती. कार्डाआधी बाहेर पडली गोळ्यांची पाकिटं. मी दिलेली. एकही न फोडलेली.

"हे काय आहे?"

तो डोळे मिटून होता. जड जिभेने, थांबत थांबत बोलला. "घेतल्या असत्या तं... उतरला असता. मंग तुम्ही महिन्यानं बलावलं असतं."

बायांनी पदर डोळ्यांना लावला. मी नाही लावला.

"माही पोर दवा भेटली नाही म्हणून गेली. तुमच्या हातात दवा आहे, आन् तुम्ही ते पिशवीत घालून फिरता? माह्या नावानं मराले निघाले? हे प्रेम आहे तुमचं? माह्या दाराशी याचं नाही आता. आर्णीले दुसरी सिस्टर आहे, तिच्याकडे जा."

अॅम्ब्युलन्स आली, वेळेत पोचली, तो वाचला. जीभही सुटली. लालीबाई दर आठवड्याला खबर द्यायची. मी ऐकत नसल्यासारखं दाखवायचे आणि शब्दन् शब्द ऐकायचे. तो खरंच आर्णीला जाऊ लागला. बीपीच्या वारी त्याची खुर्ची रिकामी दिसली की पुढच्या पेशंटची खैर नसायची.

पायल सुटीत आली. तिने दोन दिवस माझी आदळआपट पाहिली, मग भांडी माझ्या हातातून काढून घेतली.

"आजी, तुले तो आवडते."

"तुह्यासाठी मी जन्म काढला आन् तू मले..."

"तेच म्हणतो मी. माह्या नावानं दार लावू नको. मी काय कुलूप आहो?"

"लोक काय म्हणतीन?"

"वाढू दे लोकाइचा बीपी. तू मोजशील."

मी तिच्यावर भयंकर चिडले. पण उलट बोलायला तिला मीच शिकवलं होतं, त्याला काय करणार?

पुढच्या बीपीच्या वारी रांग संपली आणि मी आवरू लागले, तर दारात देवीलाल. जरा वाळलेला. "जय भीम" म्हणाला आणि मला रागवायला वेळ न देता बसला, बाही वर केली.

"मोजा."

मोजला. बरोबर आला. माझा विश्वास बसेना, दुसऱ्या दंडावर मोजला. तोही बरोबर.

"रोज घेतो गोळी," तो म्हणाला. "आता तुम्ही आठवड्यानं बलावाचं कारण नाही. मले याले बहाणा राह्यला नाही. म्हणून सरळच सांगाले आलो... तुम्ही मले पाहिजे, सत्यशीलाबाई. बिना बीपीच्या."

माझं नाव त्याने पहिल्यांदाच घेतलं होतं. डोळे भरून आले, म्हणून मी आणखी चढ्या आवाजात बोलले.

"आन् एखाद्या दिवशी चुकवली तं? मी पुन्हा कोणाले मरताना पाहू? हे होत नाही आता माह्यानं."

"नाही चुकवणार."

"तुमच्या बोलण्यावर भरोसा नाही माहा. गोळी माह्या डोळ्यासमोर घ्या लागन. रोज."

"मंग... रोज या लागन मले?"

"या नाही लागत," मी म्हटलं.

त्याची मान खाली गेली. पट्टा सोडवायला त्याने हात नेला, तो मी धरला.

"राहा लागन."